भाताचा खोडकिडा : एकाच किडीचा क्रम गावोगाव का बदलतो?

भीमा आणि नीरा या नद्यांचा संगम इंदापूर तालुक्याच्या पूर्व टोकाला, नरसिंहपूर येथे होतो. भीमा भीमाशंकरच्या डोंगरातून येते. वाटेत मावळातून आलेली इंद्रायणी आणि मुळशीकडून आलेली मुळा-मुठा तिला मिळते. नीरा भोरच्या डोंगरात उगम पावते. म्हणजे या दोन्ही नद्यांचे पाणी मावळ, मुळशी, भोर आणि वेल्हे (राजगड) या भातपट्ट्यातून खाली येते आणि संगमावर मात्र ते उसाला मिळते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर इंदापूर तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. एकाच जिल्ह्यात पीक, पाऊस आणि हवामान यांचा एवढा फरक क्वचितच आढळतो.

हवामान बदलले की पीक बदलते, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. परंतु एकाच जातीची कीड निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या प्रकारे वाढते, कोठे वर्षातून एकदा तर कोठे चार-पाच वेळा पिढी पूर्ण करते, कोठे सहा-सात महिने झोपून राहते तर कोठे एक दिवसही थांबत नाही, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. शेजारच्या जिल्ह्यात अमुक तारखेला फवारणी केली म्हणून आपणही करावी, किंवा गेल्या वर्षीचीच तारीख यंदा धरावी, असा प्रघात पडतो. अशी फवारणी बऱ्याच वेळा अळी खोडात शिरल्यानंतर होते. औषधाचा खर्च वाया जातो, मित्रकीटक मरतात आणि कीड तशीच राहते. हे टाळायचे असेल तर किडीचा आपल्या शिवारातील क्रम समजून घेतला पाहिजे. भाताचा पिवळा खोडकिडा हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

किडीची ओळख आणि नुकसान

पिवळ्या खोडकिड्याचे शास्त्रीय नाव स्किर्पोफॅगा इन्सर्चुलस असे आहे. मादी पतंगाचे पुढील पंख पिवळे असून प्रत्येक पंखावर मध्यभागी एक ठळक काळा ठिपका असतो. नर आकाराने लहान व तपकिरी रंगाचा असतो. मादी पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते आणि आपल्या शरीरावरील पिवळसर तपकिरी केसांनी तो पुंज झाकते. अंड्यातून निघालेली अळी थोडा वेळ पानावर फिरते, काही अळ्या रेशमी धाग्याला लोंबकळत वाऱ्याबरोबर शेजारच्या चुडावर जातात, आणि लवकरच खोडाला छिद्र पाडून आत शिरतात.

अळी आतील गाभा कुरतडते. पीक फुटव्याच्या अवस्थेत असेल तर मधला पोंगा सुकतो व ओढल्यास सहज हातात येतो. यालाच ‘गाभामर’ म्हणतात. पीक पोटरीत किंवा निसवण्याच्या अवस्थेत असेल तर संपूर्ण लोंबी पांढरी व पोचट निघते. तिला कोकणात ‘पळींज’ म्हणतात. गाभामर झाली तर पीक नवे फुटवे काढून थोडीफार भरपाई करते. पळींज झाल्यावर मात्र भरपाईला वाव नसतो. पांढऱ्या लोंब्या दिसू लागल्यावर केलेली फवारणी त्या लोंब्यांत दाणा भरू शकत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे.

जीवनक्रमाच्या चार अवस्था

१) अंडी : ५ ते ८ दिवसांत उबतात.

२) अळी : साधारण २० ते ३० दिवस. सर्व नुकसान हीच अवस्था करते.

३) कोष : ६ ते १० दिवस. अळी कोषात जाण्यापूर्वी खोडाच्या बुंध्याजवळ पतंगाला बाहेर पडण्यासाठी छिद्र तयार करून ठेवते.

४) पतंग : थोडे दिवस जगतो. काही खात नाही. रात्री उडतो व प्रकाशाकडे आकर्षित होतो.

अशा रीतीने उबदार हवेत सहा ते सात आठवड्यांत एक पिढी पूर्ण होते. परंतु पुस्तकात दिलेला हा कालावधी म्हणजे सरासरी होय. तो सर्वत्र व सर्व महिन्यांत तसाच राहत नाही. त्याची कारणे पुढे दिली आहेत.

क्रम बदलण्याची कारणे

(अ) हवेतील ऊब

कीटकाच्या शरीराची स्वतःची ऊब नसते. त्याची वाढ हवेच्या तापमानावर अवलंबून असते. ठरावीक तापमानाखाली वाढ थांबते व त्यावर जेवढी ऊब मिळेल तेवढ्या वेगाने वाढ होते. हे समजण्यासाठी एक साधे गणित करू. समजा, एखाद्या किडीची वाढ १२ अंश सेल्सिअसखाली थांबते आणि अंड्यापासून पतंगापर्यंत तिला ऊबेचे एकूण ६०० एकक लागतात. दिवसाचे सरासरी तापमान २७ अंश असेल तर रोज १५ एकक जमा होतील व पिढी ४० दिवसांत पूर्ण होईल. सरासरी २२ अंश असेल तर रोज १० एकक मिळून ६० दिवस लागतील. सरासरी १७ अंशांवर आली तर रोज ५ एककच मिळतील आणि त्याच पिढीला १२० दिवस लागतील. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. तथापि तत्त्व खरे आहे. पाच अंशांच्या फरकाने पिढी वीस दिवस, आणि आणखी पाच अंशांनी साठ दिवस लांबते. तेव्हा समुद्रकाठचे गाव आणि घाटमाथ्यावरचे गाव यांना एकच तारीख कशी लागू पडेल?

(आ) सुप्तावस्था

प्रतिकूल काळ आला की अनेक किडी वाढ थांबवून निपचित पडतात. या अवस्थेस सुप्तावस्था म्हणतात. भाताच्या खोडकिड्यात पूर्ण वाढलेली अळी सुप्तावस्थेत जाते. पीक पक्व होऊ लागले, दिवस लहान होऊ लागले की अळी खोडातून खाली सरकते व जमिनीलगतच्या धसकटात रेशमी आवरण करून राहते. तिच्या शरीरात चरबी साठलेली असते, त्यामुळे ती महिनोन्महिने अन्नपाण्याशिवाय तग धरते. आपण लोंबी कापून नेतो, परंतु पुढील वर्षाचे किडीचे बियाणे शेतातच राहते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सुप्तावस्थेचा इशारा किडीला थंडी पडल्यावर मिळत नाही, तर बहुतेक किडींना तो आधीच, दिवस लहान होण्यावरून मिळतो. थंडी एखाद्या वर्षी लवकर तर एखाद्या वर्षी उशिरा पडते. दिवसमान मात्र दरवर्षी ठरल्याप्रमाणेच बदलते. किडीने धरलेला हा भरवशाचा इशारा आहे.

(इ) पिकाची साखळी

पिवळा खोडकिडा जवळजवळ केवळ भातावरच जगतो. त्यामुळे शेतात भात किती महिने उभा आहे, यावर त्याच्या पिढ्यांची संख्या ठरते. खरिपाचे एकच पीक असेल तर किडीला वर्षातील मोठा काळ धसकटात काढावा लागतो. खरिपामागे उन्हाळी भात असेल तर तिला थांबण्याची गरजच उरत नाही.

(ई) वंशपरत्वे आलेला फरक

वरील तीन कारणे बाहेरच्या परिस्थितीची आहेत. चौथे कारण किडीच्या रक्तातले आहे. अनेक पिढ्या एकाच परिस्थितीत काढल्यावर त्या परिस्थितीस जुळणाऱ्या किडीच टिकतात व त्यांचीच प्रजा वाढते. मग अशा दोन भागांतील किडी एकत्र आणून एकाच तापमानात, एकाच खाद्यावर वाढवल्या तरी त्यांच्या वागण्यात फरक राहतो. आपल्याकडील देशी ज्वारीचे वाण ज्याप्रमाणे आपापल्या भागात रुळलेले असतात, त्याचप्रमाणे किडीचेही होते.

जपान आणि जावाचा अनुभव

या विषयाचा सर्वात सखोल अभ्यास जपानमध्ये झाला. तेथे भातावर पट्टेरी खोडकिडा (कायलो सप्रेसॅलिस) ही महत्त्वाची कीड होती. देशाच्या उत्तर टोकाकडे तिची वर्षातून एकच पिढी, मध्य भागात दोन आणि दक्षिणेस कोची भागात तीन पिढ्या होत असल्याचे आढळले. शास्त्रज्ञांनी उत्तरेकडील व नैऋत्येकडील अळ्या एकाच परिस्थितीत वाढवून पाहिल्या, तरीही फरक कायम राहिला. तेथे या दोन गटांना ‘शोनाई’ आणि ‘साइगोकू’ अशी प्रदेशावरून नावे देण्यात आली. उत्तरेत उन्हाळा लहान असतो. तेथे दिवस थोडे आखडू लागताच थांबणारी अळीच हिवाळ्यातून वाचते. दक्षिणेत तसे लवकर थांबणे म्हणजे एक पिढी गमावणे होय. म्हणून प्रत्येक भागातील किडीचे ‘पंचांग’ वेगळे ठरले.

इंडोनेशियातील जावा बेटावरचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण तेथे थंडीचा नव्हे तर कोरड्या हंगामाचा प्रश्न होता. तेथील पांढरा खोडकिडा कोरड्या महिन्यांत धसकटात सुप्त राहतो व चांगला पाऊस झाल्यानंतरच कोषात जातो. त्यामुळे पहिल्या चांगल्या पावसानंतर सुमारे महिनाभराने पतंगांचा मोठा थवा एकाच वेळी बाहेर पडतो. डच कीटकशास्त्रज्ञ फान डर गूट यांनी १९२० च्या दशकात हे दाखवून दिले आणि रोपवाटिका पतंगांचे उड्डाण संपल्यावरच टाकावी असा उपाय सुचविला. पतंग बाहेर पडले, पण अंडी घालण्यास भाताचे रोप नाही, अशी स्थिती निर्माण करण्यावर हा उपाय आधारलेला होता. त्यासाठी कोणतेही औषध लागत नव्हते. लागत होती ती किडीच्या क्रमाची माहिती आणि सर्व गावाची एकजूट.

पुढे जावात कालव्याचे पाणी आले, दोन-दोन पिके निघू लागली आणि बऱ्याच भागांत सुप्त राहणाऱ्या पांढऱ्या खोडकिड्याची जागा न थांबणाऱ्या पिवळ्या खोडकिड्याने घेतली. परंतु १९९० च्या सुमारास पश्चिम जावात पांढऱ्या खोडकिड्याचा पुन्हा मोठा उद्रेक झाला. यावरून असे दिसते की पाणी आणि पीकपद्धती बदलली की किडीचा क्रमच नव्हे, तर कीडही बदलते; आणि गेलेली कीड कायमची गेली असे समजून चालत नाही.

मावळ आणि कोकण

आता आपल्या राज्याकडे वळू. मावळात भाताचे खरीप हेच प्रमुख पीक. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेल्या इंद्रायणी वाणाने हा भाग सर्वत्र ओळखला जातो. येथे जून-जुलैत लावणी व ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणी होते. या सुमारे पाच महिन्यांत खोडकिड्याच्या साधारण तीन पिढ्या होऊ शकतात. पहिली पिढी रोपवाटिकेत व नुकत्याच लावलेल्या पिकात, दुसरी फुटव्यात आणि तिसरी निसवणाऱ्या पिकात. तिसऱ्या पिढीच्या अळ्या धसकटात उतरतात व पुढील पावसाळ्यापर्यंत राहतात. म्हणजे डिसेंबर ते मे या काळात मावळातील खोडकिड्याची जवळजवळ सर्व संख्या धसकटात अडकलेली असते. शत्रू एकाच ठिकाणी, हालचाल न करता, सहा महिने बसलेला आहे. यापेक्षा सोयीची वेळ दुसरी नाही.

घाटाखाली रायगड जिल्ह्यात कर्जत परिसरातील राजनाला कालवा किंवा माणगावकडील काळ प्रकल्प अशा ठिकाणी कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेतला जातो. दक्षिण कोकणात पाणथळ जागी ‘वायंगणी’ भाताची जुनी पद्धत आहे. अशा ठिकाणी खरिपाच्या धसकटातून निघालेल्या पतंगांना उन्हाळी भाताची रोपवाटिका तयारच मिळते. समुद्रसान्निध्यामुळे हिवाळाही सौम्य असतो. त्यामुळे पिढ्यांची साखळी तुटत नाही. एकाच शेतात एकाच वेळी अंडी, अळी, कोष आणि पतंग अशा सर्व अवस्था आढळू लागतात. मावळात पतंगांचे उड्डाण ठळक लाटांनी येते. दुबार पिकाच्या भागात लाटा एकमेकींत मिसळतात. साहजिकच मावळात योग्य वेळी केलेला एखादा उपाय पुरेसा ठरतो, तर दुबार भागात तोच उपाय निम्म्याच किडीवर चालतो.

उन्हाळी भात घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. पण खरिपाची काढणी व उन्हाळी रोपवाटिका यांत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे, मधल्या काळात धसकटे नांगरावीत, आणि एका कालव्यावरील सर्वांनी उन्हाळी लावणी एकाच सुमारास उरकावी.

पूर्व विदर्भातील गादमाशी

किडीच्या प्रजेतील फरक केवळ वेळेपुरता नसतो. कोणते वाण पचते, यातही तो दिसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानपट्ट्यातील गादमाशी हे त्याचे उदाहरण. ही डासासारखी लहान माशी आहे. तिची अळी वाढीच्या कोंबाशी जाऊन राहते व तेथे कांद्याच्या पातीसारखी चंदेरी नळी तयार होते. त्या फुटव्याला लोंबी येत नाही. ही कीड पाऊस व दमटपणावर जगते. तीन आठवड्यांच्या आसपास तिची एक पिढी होते. पीक नसते तेव्हा तिची लहान अळी बांधावरील रानधान व गवतात सुप्त राहते.

गादमाशीला प्रतिकारक वाण आले, तेव्हा प्रश्न सुटला असे वाटले. परंतु एका भागात प्रतिकारक ठरलेले वाण दुसऱ्या भागात बळी पडू लागले. तपासणीअंती देशात दिसायला एकसारख्या पण वाण पचविण्याच्या शक्तीत भिन्न अशा गादमाशीच्या प्रजा आढळल्या. त्यांना ‘जैवप्रकार’ म्हणतात. आजवर भारतात असे सात जैवप्रकार नोंदले गेले आहेत. त्यांपैकी चौथा जैवप्रकार आंध्रातील श्रीकाकुळम भागात १९८६ च्या सुमारास लक्षात आला, आणि भंडारा भागातही तो आढळला. छत्तीसगडातील रायपूरकडील गादमाशीपुढे टिकणारी काही वाणे या जैवप्रकारापुढे टिकत नाहीत. म्हणून शेजारच्या राज्यातील नातलगाने दिलेले ‘प्रतिकारक’ बियाणे आणण्यापूर्वी ते आपल्या भागातील गादमाशीवर तपासले गेले आहे काय, हे साकोली किंवा सिंदेवाही येथील संशोधन केंद्राकडे विचारून घ्यावे. तसेच एकच प्रतिकारक वाण संपूर्ण शिवारात वर्षानुवर्षे लावू नये. त्यामुळे ते वाण पचविणारी थोडीशी प्रजाच निवडून वाढत जाते.

नरसिंहपूरच्या शिवारात या माहितीचा उपयोग

वाचकांपैकी बागायती भागातील बंधू म्हणतील, आमच्याकडे भातच नाही, मग याचा आम्हाला काय उपयोग? उपयोग आहे. पिवळा खोडकिडा भाताशिवाय टिकत नाही, म्हणून तो संगमाकाठी नांदत नाही, हे खरे. परंतु त्याचेच भाऊबंद येथील उसात आहेत. उसाची शेंडेकीड ही पिवळ्या खोडकिड्याच्याच कुळातील, स्किर्पोफॅगा वंशातील आहे. उसाची खोडकीड व ज्वारी-मक्याचा खोडकिडा हे जपानच्या पट्टेरी खोडकिड्याच्या कायलो वंशातील आहेत. आणि गुलाबी खोडकिडा (सेसामिया इन्फरन्स) तर भात, गहू, मका, ज्वारी, नाचणी व ऊस या सर्वांवर जगतो. मावळातील भातात जी कीड आहे, तीच नरसिंहपूरच्या उसाच्या कोवळ्या फुटव्यात किंवा गव्हात सापडू शकते.

येथील परिस्थिती पाहा. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात आला व बारामती-इंदापूरकडे बागायत वाढली. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर भीमाकाठ उसाखाली आला. आज आडसाली, पूर्वहंगामी व सुरू अशा तिन्ही लागणी आणि त्यांचे खोडवे शेजारी शेजारी उभे असतात. त्यातच दुभत्या जनावरांच्या मुरघासासाठी मका वर्षभर पेरला जातो व रब्बीत गहू असतो. गुलाबी खोडकिड्याला येथे उपवासाचा एकही महिना नाही. उत्तर भारतात कडक थंडीत किडींची वाढ रोखली जाते. तेथे शेंडेकिडीच्या पिढ्या मोजता येतात आणि जुलैच्या सुमाराची तिसरी पिढी सर्वात घातक ठरते. दक्षिणेकडे पिढ्या एकमेकींत मिसळतात व ठरावीक तारीख सांगता येत नाही. आपला भाग दक्षिणेकडील पद्धतीला जवळ आहे. म्हणून उत्तर भारतातील पत्रकातील तारखा आपल्याकडे जशाच्या तशा वापरू नयेत.

वाळलेला पोंगा दिसला की सगळीकडे एकच औषध, असे न करता पोंगा ओढून व फुटवा चिरून आधी अळी ओळखावी :

• अंगावर जांभळट पाच उभ्या रेषा, डोके तपकिरी, पोंगा सहज निघतो व त्याला दुर्गंधी येते : उसाची खोडकीड. अंडी पानाच्या खालील बाजूस खवल्यांसारख्या ओळीत असतात.

• अंग गुळगुळीत गुलाबी, रेषा नाहीत : गुलाबी खोडकिडा. याची अंडी पानाच्या देठाच्या आवरणात आतील बाजूस मण्यांच्या ओळीप्रमाणे असतात. त्यामुळे ट्रायकोग्रामा हा अंड्यांवरील मित्रकीटक तेथवर नीट पोहोचत नाही.

• अळी दुधी पांढरी व सुस्त, प्रादुर्भाव शेंड्यात, पानावर ओळीने छिद्रे, पोंगा सहज निघत नाही : शेंडेकीड. अंडीपुंज भाताच्या खोडकिड्याप्रमाणेच केसांनी झाकलेला असतो.

याच संदर्भात लष्करी अळीचाही (स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा) विचार करावा. अमेरिकेतून आलेली ही कीड भारतात २०१८ मध्ये प्रथम आढळली व त्याच वर्षी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मक्यावर दिसली. तिच्या मूळ प्रदेशात दिसायला एकसारखे असे तिचे दोन गट आहेत. एक मुख्यतः मक्यावर व दुसरा भात आणि गवतवर्गीय पिकांवर वाढतो. दोन्ही गटांच्या मीलनाच्या रात्रीच्या वेळाही वेगळ्या असतात. या किडीला सुप्तावस्था नाही. तिला सतत हिरवे खाद्य लागते. वर्षभर टप्प्याटप्प्याने पेरलेला मुरघासाचा मका हे खाद्य तिला अखंड पुरवितो. एका वस्तीवरील मका संपण्यापूर्वी दुसऱ्या वस्तीवरील मका पोंग्यात असला, की कीड केवळ बांध ओलांडते. शेजाऱ्यांनी मिळून पेरण्या एकाच सुमारास केल्या व मध्ये महिनाभराचा खंड ठेवला, तर हीच तिची मोठी अडचण ठरते.

एकात्मिक उपाय

भात पट्ट्यासाठी :

१) काढणी वैभव विळ्याने जमिनीलगत करावी. उंच धसकट म्हणजे अळीला घर.

२) काढणीनंतर लगेच, ओल असतानाच नांगरट करून धसकटे उपटावीत, गोळा करून नष्ट करावीत. मागे हरभरा, वाल, मसूर यांसारखे पीक घ्यावयाचे असेल तर मशागतीत धसकटे निघतील असे पाहावे. पतंग बांध मानत नाही. एकट्याने केलेल्या नांगरटीचा लाभ थोडा, सर्व शिवाराने केलेल्या नांगरटीचा मोठा.

३) लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडावेत, त्यामुळे अंडीपुंज जातात. खुडलेले शेंडे शेतात टाकू नयेत.

४) पतंगांची चाहूल घेण्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. पतंग मोठ्या प्रमाणावर पकडावयाचे असल्यास हेक्टरी २० सापळे लागतात.

५) पतंग दिसू लागताच ट्रायकोग्रामा जापोनिकम हेक्टरी ५०,००० याप्रमाणे आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन ते चार वेळा सोडावेत. ही वेळ चुकली, अंडी उबून अळी खोडात गेली, की ट्रायकोग्रामाचा उपयोग होत नाही.

६) ५ टक्के फुटवे कीडग्रस्त असतील किंवा चौरस मीटरला एक अंडीपुंज आढळला, तरच रासायनिक उपाय करावा. कार्टाप हायड्रोक्लोराइड ४ टक्के दाणेदार हेक्टरी १८.७५ ते २५ किलो किंवा क्लोरँट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार हेक्टरी १० किलो यांपैकी एक, खाचरात थोडे पाणी असताना टाकावे व पाणी वाहून जाऊ देऊ नये.

७) सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे भातावर टाळावीत. त्यांनी कोळी व इतर मित्रकीटक मरतात व तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक होतो.

ऊस पट्ट्यासाठी : कीडमुक्त बेणे वापरावे. सुरू लागण उशिरा करू नये. लागणीनंतर दीड महिन्याने बाळबांधणी करावी, त्यामुळे खोडकिडीचे छिद्र मातीखाली जाते. वाळलेले पोंगे अळीसह काढून नष्ट करावेत. मक्याची धसकटे उसाच्या बांधावर रचून ठेवू नयेत. अंडी दिसताच ट्रायकोग्रामा किलोनिस सोडावेत.

आपल्या शिवाराची नोंदवही

संशोधन केंद्र विभागाची माहिती देऊ शकते. आपल्या ओढ्याकाठच्या खाचराची माहिती आपणच ठेवली पाहिजे. यासाठी फार शिक्षण किंवा खर्च लागत नाही. पुढील नोंदी तीन वर्षे ठेवाव्यात :

पहिली नोंद, पतंग : शेताच्या कडेला एक प्रकाश सापळा सायंकाळी सात ते दहा या वेळात आठवड्यातून दोनदा लावावा. काळ्या ठिपक्याचे पिवळे पतंग मोजून तारखेसह लिहावेत. आकडा चढू लागला की लाट आली असे समजावे. त्यानंतर साधारण आठवड्याने अळ्या बाहेर पडतात. उपायाची वेळ या आठवड्यातच असते.

दुसरी नोंद, गाभामर : शेतात तिरपे चालत २० चूड तपासावेत. उदाहरणार्थ, २० चुडांत मिळून २४० फुटवे असून त्यांतील १२ सुकलेले असतील, तर १२ भागिले २४० गुणिले १०० म्हणजे ५ टक्के. एवढे आढळले तर उपाय करावा. ६ फुटवे सुकलेले असतील, म्हणजे अडीच टक्के, तर थांबावे व आठवड्याने पुन्हा मोजावे.

तिसरी नोंद, धसकटे : काढणीनंतर एक चौरस मीटरमधील धसकटे उपटून उभी चिरावीत. जिवंत अळ्या, कोष व रिकामी कवचे वेगवेगळी मोजावीत. हेच काम जानेवारीत, मार्चमध्ये व मे अखेरीस करावे. मार्चमध्येही अळ्या अळीच्याच रूपात असतील तर आपल्याकडील कीड सुप्त राहणारी आहे, आणि उन्हाळी नांगरटीचा पूर्ण लाभ मिळेल. कोष व रिकामी कवचे जानेवारीतच दिसत असतील तर कीड थांबलेली नाही, ती जवळपासच्या हिरव्या पिकावर गेली आहे. मग ते पीक शोधावे.

चौथी नोंद, हवामान व पीक : पहिला चांगला पाऊस, रोपवाटिका, लावणी, निसवण व काढणी यांच्या तारखा लिहाव्यात.

तीन वर्षांच्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, की आपल्या गावातील किडीचे पंचांग आपोआप दिसू लागते. पाऊस लांबला तर पतंग किती दिवसांनी लांबले, लवकर लावलेले खाचर वाचले की उशिरा लावलेले, याची उत्तरे कोणत्याही पत्रकापेक्षा या वहीत अचूक मिळतील. ही वही घेऊन कृषी सहायकाकडे, कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या संशोधन केंद्रात जावे. उसाच्या किडींसाठी पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आपल्या भागाला जवळ आहे.

थोडक्यात लक्षात ठेवावे

• कीड एकच असली तरी तिचा क्रम ऊब, दिवसमान, पाऊस, पीकपद्धती व तिच्या प्रजेचा वंश यांवर ठरतो.

• खरिपाचे एकच पीक असलेल्या भागात धसकटातील सुप्त अळी हा किडीचा सर्वात कमकुवत दुवा आहे.

• दुबार भात, अखंड ऊस किंवा वर्षभर मका असेल तेथे कीड थांबत नाही. तेथे पिकांमध्ये खंड पाडणे हाच मुख्य उपाय.

• प्रतिकारक वाण आपल्या भागातील किडीवर तपासलेले असावे.

• दुसऱ्या गावाची तारीख आपल्या गावाला लागू करू नये. पतंग मोजावेत, फुटवे मोजावेत व मगच औषधाला हात घालावा.

पाणी आले की पीक बदलते आणि पीक बदलले की किडीचे पंचांग बदलते. मावळातील खाचरात आणि संगमावरील उसाच्या फडात हा नियम सारखाच लागू आहे. येत्या काढणीनंतर किमान एक चौरस मीटर धसकटे चिरून पाहावीत व किती अळ्या आढळल्या ते तारखेसह लिहून ठेवावे. पुढील हंगामाचे नियोजन या नोंदीवरूनच सुरू करता येईल.